पुढील तपासणीपर्यंत

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी पाच डबे तपासायची. ॲल्युमिनियमचे, झाकणावर सरकारी शिक्का असलेले. प्रत्येकात तेच सामान: कात्री, दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश, कापूस, अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद आणि एक भांडं. डबे दाईंचे होते. मी नर्स होते, पालमच्या अलीकडे माझं उपकेंद्र होतं, त्याखाली पाच गावं-वाड्या, आणि प्रत्येकीत एक दाई. सरकारनं त्यांना प्रशिक्षण दिलं होतं, प्रमाणपत्र दिलं होतं आणि हा डबा दिला होता. शिकलेलं विसरू नये म्हणून दर महिन्याला आरोग्य केंद्रात उजळणी वर्ग असायचा. तो मी घ्यायची. वर्गाला यायचं, डबा दाखवायचा, तरच प्रमाणपत्र चालू, असा नियम होता.

मला याद्या करायची सवय आहे. आजही सकाळी चहा उकळेपर्यंत दिवसाची यादी तयार असते. तेव्हाही होती, पण त्या वर्षांत यादीप्रमाणे दिवस जाईलच याचा भरवसा नसे. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पुन्हा वर आला की एसटी बंद. कधी आधी कळून बंद, कधी स्टँडवर जाऊन उभं राहिल्यावर बंद. गंगाखेडला पोलिसांची गाडी दिसली की माणसं हळू आवाजात बोलायला लागत. गावात मी एखाद्या ओसरीवर गेले की बायकांचं बोलणं मध्येच तुटे आणि पाऊसपाण्यावर येई. मी मानवतकडची, शेतकऱ्याची मुलगी, गावात भाड्याच्या खोलीत राहणारी. आज मी कुठल्या आळीत आधी गेले, कुणाच्या घरचं पाणी प्यायले, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक असे. मला एका जागी बसवत नसे. बसलं की वाटायचं, दुसरीकडे काहीतरी बिघडतंय.

पाचांतली एक दाई माझ्याच गावची होती. बौद्ध वस्तीतली, पन्नाशीची, उंच, बोलायला तिखट. मी पाचींनाही मावशी म्हणायची. हिला मावशी म्हटलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघून घ्यायची आणि मग ओ द्यायची.

तिच्या सासूनं आणि सासूच्या सासूनं गावातल्या नाळा कापल्या होत्या, विळ्यानं. बोलावणं म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मारलेली हाक. जायचं परसदारानं. काम झालं की पायलीभर ज्वारी वरून पदरात ओतायची, जुनं लुगडं द्यायचं तर लांबून टाकायचं. वस्तीनं धम्म घेतला तेव्हा गावकीची कामं सोडली, त्यात हेही सोडलं. म्हणून प्रशिक्षणाच्या यादीत तिचं नाव आलं तेव्हा तिचा मुलगा चिडला होता. सोडलेलं काम पुन्हा कामून उचलायचं, असं तो मला अंगणात उभा राहून विचारत होता. उत्तर तिनंच दिलं.

"हे ते काम न्हाई," ती म्हणाली. "ह्याला शाळा हाय."

शाळा तिनं पुरी केली. प्रमाणपत्र म्हणजे सायक्लोस्टाइल केलेला कागद, खाली वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही आणि गोल शिक्का. बाकीच्या चौघींनी तो घडी करून ट्रंकेत टाकला. हिनं परभणीहून काचेची फ्रेम करून आणली आणि घरातल्या दोन तसबिरींशेजारी टांगली. मग गावाला सांगितलं. बोलवायला माणूस दारापर्यंत आला पाहिजे. ती पुढच्या दारानं येणार. हात धुवायला घरातलं पाणी द्यायचं, साबण तिचा. आणि जे काय द्यायचं ते हातात द्यायचं.

गावानं कुरकुर केली. पण बाळंतीण अडली की कुरकुर किती वेळ टिकणार? हळूहळू बरीचशी घरं तिच्या दारापर्यंत यायला लागली. हे सगळं त्या कागदाच्या जोरावर चाललं होतं. कागद गेला असता तर ती पुन्हा गल्लीच्या तोंडावरून हाक मारून बोलवायची बाई झाली असती. हे तिला माहीत होतं, तिच्या मुलाला माहीत होतं आणि गावाला तर नक्कीच माहीत होतं.

वरच्या आळीत एक मोठं घर होतं. पिठाची गिरणी त्यांची, म्हणून त्यांना सगळे गिरणीवाले म्हणत. त्यांच्या सुनेला दिवस भरले होते आणि तिला गंगाखेडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. कळा सुरू झाल्या त्या दिवशी नेमकी एसटी बंद. मी लसी आणायला केंद्रात गेलेली, तिथंच अडकले. भर दुपारी गिरणीवाल्यांचा गडी दाईच्या दारात आला. ती गेली, पुढच्या दारानं. सासूबाई चौकटीत उभ्या होत्या, त्या आधी हलल्याच नाहीत. मग आतून सुनेचा आवाज आला आणि हलल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. निघताना सासूबाईंनी पैसे उंबऱ्यावर ठेवले. दाई उभी राहिली. सासूबाईही उभ्या राहिल्या. शेवटी सासूबाईंचा मुलगा बाहेर आला, त्यानं पैसे उचलून तिच्या हातात दिले, आणि ती गेली. हे मला गावातल्या निदान चार जणींनी वेगवेगळं सांगितलं, पण उंबऱ्यापाशी येऊन चौघींची गोष्ट एकच होती.

आठ-दहा दिवसांत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गिरणीवाल्यांची तक्रार पोचली. दाईच्या डब्यात सामान नाही. नखाएवढ्या साबणावर काम करती. सरकारी वस्तू विकून खाती.

पुढच्या उजळणी वर्गाला जिल्ह्याहून पर्यवेक्षिका आल्या. त्यांना आम्ही सगळ्या मोठ्या बाई म्हणायचो. चोख बाई, स्टार्च केलेली पांढरी साडी, परतीच्या गाडीची वेळ तोंडपाठ. त्यांनी पाची दाईंना सतरंजीवर ओळीनं बसवलं आणि डबे उघडायला सांगितलं.

पहिला डबा लाल फडक्यात बांधलेला होता. आत प्रत्येक वस्तू जागच्या जागी, साबणाचा कागदही न फाटलेला. कात्रीला हळदकुंकू. त्या मावशींनी अभिमानानं सांगितलं की डबा भिंतीतल्या देवळीत असतो, दसऱ्याला आपट्याची पानं वाहतात, पोरांना हात लावू देत नाहीत. मोठ्या बाई हसल्या आणि छापील तक्त्यात "पूर्ण" लिहिलं. दुसरा पूर्ण, तिसरा पूर्ण. चौथ्यात कापूस थोडा कमी होता. त्या मावशी घाबरून म्हणाल्या, नातवाच्या कानात घालायला घेतला, उद्या आणून टाकते. तोही "पूर्ण" झाला.

पाचवा डबा उघडला. दोरा संपलेला. ब्रशाचे केस वाकडे झालेले. साबणाचा खरंच नखाएवढा तुकडा. प्लॅस्टिकचा कागद धुऊन धुऊन पांढुरका पडलेला. कात्री मात्र लखलखीत.

"सामान कुठं गेलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बाळंतपणात गेलं की."

"सगळं?"

"एक साबण घरी वापरला," ती म्हणाली. "लेकीकडचे पाव्हणे आले होते. खोटं कामून बोलू."

ते तिनं बोलायला नको होतं. मोठ्या बाईंनी पेन थांबवलं आणि तक्रारीचा कागद पिशवीतून काढला. दुसऱ्या मावशीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "पाव्हण्यास्नी सरकारी साबण. बरं हाय बाई." खसखस पिकली. हिनं मान वळवली नाही. मोठ्या बाईंनी मग शांतपणे नियम सांगितला. डबा अपूर्ण असेल तर दाई वर्गातून कमी करायची आणि प्रमाणपत्र जमा करून घ्यायचं. पुढच्या महिन्यापर्यंत मुदत. प्रमाणपत्र सोबत आणायचं.

परतताना ती माझ्याबरोबर चालत होती, डबा काखेत. वाटेत तिनं डबा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाली, "त्या देवळीतल्या डब्याला एक बी बाळ ठावं न्हाई, शिस्टर." माझ्या डोक्यात यादी सुरू झाली होती.

यादीतलं पहिलं काम परभणीचं भांडार. साबण-दोऱ्याची मागणी मी किती महिने पाठवत होते. माल येत नव्हता. तिथल्या कारकुनानं दोन फायली बघून सांगितलं की दाईला नवीन सामान मिळतं, पण जिचा डबा तपासणीत पूर्ण आहे तिलाच. मी विचारलं, जिचा डबा पूर्ण आहे तिला सामान कशाला? तो म्हणाला, बाई, मी नियम केला नाही, आणि माझ्याकडे बघून जरा हसला. नाहीतर दुसरा मार्ग होता. सामान बाळंतपणात खर्च झालं असा दाखला, घरोघरच्या सह्यांसह. तो मंजूर झाला तर अपूर्ण डबा अपूर्ण धरत नाहीत. कोणी असा दाखला कधी दिला होता का? त्याच्या आठवणीत नव्हता.

मी बाहेर पडले, रिक्षा न करता स्टँडपर्यंत चालत गेले आणि वाटेत साबण, दोऱ्याची रिळं, कापूस विकत घेतला. दाखला होवो न होवो, डबा भरलेला असावा. गाडी सुटेपर्यंत मला खाली बसवलं नाही. कंडक्टर म्हणाला, बाई, सीट रिकामी हाय की.

सह्यांचं काम सोपं जाईल असं वाटलं होतं. बहुतेक घरांनी दिल्या, अंगठे दिले. एका घरी म्हाताऱ्यानं विचारलं, ह्याच्यानं आमच्या नावावर काही चढत तर न्हाई ना? एकीनं सही करता करता सांगितलं की मावशीनं तिच्या नवऱ्याला उंबऱ्याबाहेर पिटाळलं होतं, ते बी लिवा. पण ज्या घरानं तक्रार केली त्या घराची सही नसेल तर दाखल्याला अर्थ नव्हता. मी गिरणीवाल्यांकडे गेले. सासूबाईंनी चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवली. सहीचं काढल्यावर म्हणाल्या, घरचं घरात झालं, सही कशाची? दाई आली होती ना, असं विचारलं तर म्हणाल्या, गडबडीत कोण आलं, कोण गेलं, ध्यानात न्हाई. सून आतल्या खोलीच्या दाराशी बाळ घेऊन उभी होती. मी चहा संपवून उठले.

लसीकरणाचा दिवस आला. त्या दिवशी आया बाळं घेऊन उपकेंद्रात येतात, आणि सासवा येत नाहीत, कारण रांग लांब असते. गिरणीवाल्यांची सूनही आली. बाळाला लस दिली, कार्डावर तारीख टाकली. मग मी दाखल्याचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि काय आहे ते सांगितलं, घाई नाही हेही सांगितलं. ती नववी झालेली होती. तिनं कागद पहिल्यापासून वाचला. मी विचारलं, दाईनं काम करण्याआधी हात धुतले होते का, तुम्हाला आठवतं का?

"कोपरापर्यंत धुतले," ती म्हणाली. "कात्री उकळायला लावली. सासूबाई म्हणाल्या, आता पाणी कुठं उकळत बसायचं, तर ही म्हणाली, मग मी पण बसते. मी सगळं बघत होते बाई. दुसरं काय बघणार होते?"

तिनं सही केली. खाली माहेरचं आडनाव लिहू की सासरचं, असं विचारलं. मी म्हटलं, सासरचं. मग तिनं बाळ खांद्यावर घेतलं आणि घरी काय सांगेल ते मला न सांगताच गेली.

विकत आणलेलं सामान मी दाईच्या डब्यात भरून ठेवलं होतं. तपासणीच्या दिवसापर्यंत हात लावू नका, असं बजावलं होतं. ती हो म्हणाली होती.

तपासणीच्या सकाळी चौघी वेळेत हजर. हिचा पत्ता नाही. मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. मी दारात जाऊन आले, परत आले, पुन्हा गेले. वर्ग निम्मा झाल्यावर ती आली, पदर कमरेला खोचलेला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेली फ्रेम. कमरेला विळा, कारण येताजाताना ती गुरांसाठी गवत कापायची. वाडीवर पहाटे बाळंतपण होतं, तिकडून आली होती. मी डबा उघडायच्या आधीच समजले. नवा साबण अर्धा झाला होता. दोऱ्याचं रीळ सुटलेलं. कापूस नाही.

मी दाखला पुढे ठेवला. मोठ्या बाईंनी सह्या वाचल्या, गिरणीवाल्यांच्या सुनेच्या नावापाशी बोट थांबलं. तक्रारीचा कागद काढून शेजारी धरला. मग अचानक त्यांनी पहिल्या मावशींचा लाल फडक्यातला डबा ओढला, साबण उचलला, त्याचा न फाटलेला कागद उलटसुलट करून बघितला.

"हा कधी वापरला?"

"वापरला तर संपल की बाई," त्या मावशी म्हणाल्या.

"मग बाळंतपणं कशानं करता?"

मावशी आमच्या सगळ्यांकडे बघत राहिल्या. शेवटी खरं सांगितलं: "राखंनं."

कोणी हसलं नाही. मोठ्या बाईंनी साबण परत डब्यात ठेवला. मला वाटलं, आता तक्ता फाडतील, काहीतरी नवं लिहितील. त्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती, आणि तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. त्या म्हणाल्या, प्रमाणपत्र आता जमा करत नाही, पण शेरा मारावा लागेल. फ्रेम उघडा.

मागं खिळे होते. एकजण म्हणाली, कात्रीनं उचक की. दाई म्हणाली, "कात्री त्या कामाला न्हाई." तिनं कमरेचा विळा काढला आणि त्याच्या टोकानं खिळे एकेक करून उपसले. काच बाजूला केली. मोठ्या बाईंनी प्रमाणपत्रावर, शिक्क्याच्या खाली, लाल शाईनं लिहिलं: पुढील तपासणीपर्यंत वैध. सही केली आणि गाडीला गेल्या.

परत येताना तिनं मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ती काच पुसत चालत होती.

"तुमच्या कागदावर बी असंच लिव्हत्यात का?"

नर्स म्हणून माझी नोंदणी मुंबईची. क्रमांक मला पाठ होता. नूतनीकरणाची वेळ आली की मी मनिऑर्डर करायची आणि पावती डकवायची. मी तिला तेच सांगितलं.

"मंग तुमची पिशवी कोण उघडून बघतंय?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

ती थांबली. मला वाटलं, टोमणा येणार. ती म्हणाली, "बरं हाय," आणि पुन्हा चालायला लागली.

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी मी डबे उघडले तर चारही रिकामे. साबण नाही, दोरा नाही, कापूस नाही. लाल फडकंसुद्धा नाही. चौघींच्या चेहऱ्यावर समाधान. मी पहिल्या मावशींना विचारलं की एवढी बाळंतपणं कधी झाली.

"बाळंतपण कुठलं? आमच्या वाडीवर औंदा एकीलाच दिवस हायेत," त्या म्हणाल्या. "साबणानं नातवाला न्हाऊ घातलं, दोऱ्यानं गोधडी शिवली. रिकामाच पायजे ना आता?"

शेवटची दाई, माझ्या गावची, तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. पण त्या महिन्यापासून डबे उघडणं मी तक्त्यापुरतं ठेवलं आणि चालत सुटले. बाळ झाल्याचं कळलं की त्या घरी जायचं, बाळंतिणीशेजारी बसायचं आणि एवढंच विचारायचं: हात कधी धुतले, कशानं, पाणी कोणी दिलं. त्यासाठी छापील कागद नव्हता. मी वहीत माझा रकाना आखला. उन्हात वाड्यावाड्यांवर पायपीट वाढली, चपला झिजल्या, घरचे रागावले की तुझं बूड कुठं टेकत नाही. खरंच टेकत नव्हतं. एखाद्या घरी राख म्हणत, मग त्या मावशीकडे जाऊन बसायचं, पुन्हा शिकवायचं, साबण वापरा, संपला तर मी बघते. कधी पटायचं, कधी नाही.

गिरणीवाल्यांकडे पुढं धाकट्या सुनेची वेळ आली तेव्हा माणूस दाईच्या दारापर्यंत आला. थोरल्या सुनेनंच पाठवला होता म्हणे. पैसे मात्र सासूबाईंनी पुन्हा उंबऱ्यावर ठेवले. यावेळी थोरल्या सुनेनं ते उचलून तिच्या हातात दिले.

शेरा दर तपासणीला नव्यानं मारायचा असा पायंडाच पडला. वैद्यकीय अधिकारी बदलले, मोठ्या बाई बदलल्या, लाल शाईची निळी झाली, शब्द तेच राहिले. कागदावर जागा संपली तेव्हा मागच्या बाजूला लिहायला लागले. माझी बदली होईपर्यंत मी प्रत्येक वेळी तिच्याबरोबर गेले. पहिल्या दोन-तीन वेळी तिनं घरी जाऊन खिळे पुन्हा ठोकले. मग सोडून दिलं. फ्रेमची मागची फळी ती सुतळीनं बांधायची, गाठ सहज सुटेल अशी.